खालची वीतभर जागा

आमच्या तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट पाहिलं, तेव्हा ते ओल्या फडक्यानं पुसायला निघाले होते. शपथेवर सांगते. बारामतीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात, भर दुपारी, खिशातलं फडकं तांब्यातल्या पाण्यात बुडवून, पिळून, त्यांनी मॉनिटरची काच अशी काही घासली की आमचे सर हातातला चहा टाकून धावत आले. अक्षर काही निघालं नाही. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "लई चिवट हाय की गं तुझा फळा!"

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. पण तात्या येडे नव्हते. ते असं का वागले हे समजायचं तर आधी त्यांचा फळा सांगायला हवा.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घरी मेंढरं होती आणि तात्याही विशीपर्यंत कळपामागं हिंडले. पुढे पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली, आणि तात्या गावच्या दूध सोसायटीत फॅट काढायला बसले. डेअरीच्या भिंतीवर दुधाचे दर लिहायला एक काळा फळा होता. दर काही रोज बदलत नसत. मग उरलेल्या जागेवर तात्यांनी हळूहळू अतिक्रमण केलं. सकाळचं दूध आटोपलं की हात धुऊन ते खडू घ्यायचे आणि लिहायचे:

"साडेसातची एसटी साडेआठला आली. रागावू नका, आली हेच लई झालं."

"पाटाला पाणी बुधवारी सुटणार म्हणत्यात. कुठल्या बुधवारी ते सांगत न्हाईत."

"ऊसतोडीची टोळी ओढ्याकडं उतरली. त्यांची ल्हान पोरं हायत, ट्रॅक्टर हळू हाणा."

गावातला माणूस कॅन रिकामा झाला तरी घरी जायचा नाही. फळा वाचून, त्यावर दोन शब्द बोलून मगच निघायचा. फळ्याच्या तळाला तात्या वीतभर जागा मोकळी सोडायचे आणि शेजारी सुतळीला खडूचा तुकडा बांधलेला असायचा. ती जागा ज्याला लिहायचंय त्याची. "शेळी हरवली, उजवा कान चिरलेला." "परवा जावळ हाय, जेवायला यावं." आणि एकदा कुणीतरी ठसठशीत अक्षरात, "तात्या, कालचं तुमी खोटं लिवलं." तात्यांनी ते दिवसभर तसंच ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवलं.

संध्याकाळचं दूध झालं की मात्र ओलं फडकं घेऊन सगळा फळा पुसायचा. वरचं, खालचं, सगळं. हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. मी लहानपणी विचारलं होतं, चांगलं लिहिलेलं का पुसता? तेव्हा त्यांनी मेंढरामागची गोष्ट सांगितली. पुढं गेलेली माणसं फाट्यावर दगडाखाली लिंबाची डहाळी ठेवायची, मागच्यांना वाट कळावी म्हणून. शेवटच्या माणसानं ती डहाळी आठवणीनं उचलून फेकायची. "न्हाय फेकली तर म्होरल्या साली तिसराच कुणीतरी येतो आन् शिळ्या डहाळीमागं जाऊन चुकतो," तात्या म्हणाले. त्यांच्या लेखी फळा म्हणजे डहाळीच होती.

मग एक दिवस या फळ्याला दृष्ट लागली. तालुक्याच्या एका बी-बियाणांच्या दुकानदारानं सोसायटीला नवा फळा भेट दिला. लाकडी चौकट, आत हिरवं कापड, काचेची दारं. वर दुकानाचं नाव, खाली "मजकूर तुमचाच". मीटिंगमध्ये या भेटीला हात वर करणाऱ्यांत पहिला हात कुणाचा होता? तात्यांचा! पावसाची झड बसून दरवर्षी त्यांचे खडू भिजायचे. काचेची दारं पाहून त्यांना भलताच आनंद झाला होता. जुना फळा त्यांनी स्वतः खिळे उपटून उतरवला.

नव्या फळ्याच्या दाराला कुलूप होतं, हे मागाहून लक्षात आलं. किल्ली दुकानात. दुकानाचा माणूस दर गुरुवारी येणार, कागदावर लिहून दिलेलं वाचणार आणि त्याला पसंत पडेल ते टाचणीनं लावणार. तात्यांनी पहिल्याच गुरुवारी लिहून दिलं की औंदा अमुक बियाणं निम्मंच उगवलंय. ते काही लागलं नाही. दुसऱ्या गुरुवारी एसटीबद्दलचं लागलं, पण "रागावू नका" एवढंच. खालची वीतभर जागा तर काचेच्या आत गेली. तिसऱ्या गुरुवारी तात्यांनी काहीच लिहून दिलं नाही.

आणि तात्या गप्प झाले. फॅट काढायची, घरी यायचं, भाकरी खायची. जो माणूस म्हशीच्या डोळ्यातल्या कुसळावरही चार ओळी लिहायचा, तो "मीठ दे" एवढंही हातानंच सांगायला लागला. मला ते बघवेना. माझा स्वभाव तापट. मी दोनदा दगड उचलला होता त्या काचेसाठी, आईनं काढून घेतला म्हणून वाचली. नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. तात्या परत लिहिते व्हायला हवेत, एवढं एकच माझ्या डोक्यात घोळत होतं.

मी तेव्हा रोज एसटीनं बारामतीला जायची. आधी टायपिंग शिकवायची, मग सरांनी टाइपरायटर आत ढकलून कॉम्प्युटर मांडले तेव्हा तेही शिकवायला लागले, विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे राहून. त्यातच क्लासात इंटरनेट आलं. फोनच्या तारेतून तो मोडेम किंचाळायचा, खाकरायचा, आणि एकदम गप्प व्हायचा. गप्प झाला की आत आलो असं समजायचं. दुपारी क्लास रिकामा असताना अर्धा तास मी तो वापरावा, बदल्यात एक बॅच जास्तीची घ्यावी, असं सरांचं आणि माझं ठरलं.

तो अर्धा तास! एखाद्याचं पान आवडलं की एक बटण दाबायचं, त्या पानाचं पोट उघडायचं, आत ते कसं शिवलंय ते सगळं दिसायचं. कुणी रागवत नव्हतं, कुणी लपवत नव्हतं. मी तो मजकूर वहीत उतरवून घ्यायची, दोन शब्द बदलायची आणि काय होतं ते बघायची. निळं पिवळं झालं! अक्षरं उड्या मारायला लागली! परदेशातली एक कंपनी कुणालाही फुकट जागा देत होती. नाव लिहा, परवलीचा शब्द ठरवा, की जागा तुमची. मला, मला, एसटीत खिडकीसाठी भांडणाऱ्या बाईला, जगाच्या नकाशावर जागा मिळाली होती. माझ्या पहिल्या पानावर एक कुत्रं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं. का धावायचं ते विचारू नका. मी अख्खा आठवडा ते बघत बसले.

आठव्या दिवशी डोक्यात उजेड पडला. कुत्रं कशाला? फळा!

मी घरी येऊन तात्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कित्येक दिवसांनी पुरतं वाक्य बोलले. "खाली वीतभर जागा हाय का?" मी म्हटलं, आहे. लोकांनी आपापलं लिहायची वही पानाखाली फुकट जोडता येते. "आन् पुसता येतं?" मी म्हटलं, हो. तात्या उठले आणि माळ्यावरून माझी शाळेतली पाटी काढून आणली.

पाटी कशाला, तर मराठी अक्षरांचा तेव्हा मोठा घोळ होता. आमच्या मशीनवर छान दिसलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर नुसती फुल्या-चौकोनांची रांगोळी व्हायचा. पण क्लासात स्कॅनर होता. तात्यांचं अक्षर जसंच्या तसं उचलायचं, चित्र म्हणून चढवायचं, मग कुणाच्या मशीनची काय बिशाद! पाटीची लाकडी चौकट स्कॅनरच्या काचेवर बसेना, म्हणून तात्यांनी ती ठोकून काढली आणि धारदार कडांना आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी चिकटवली.

पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं खडूनं लिहिलं. मी पाटी पालथी घालून झाकण दाबलं. तासाभरानं सरांना स्कॅनरच्या काचेवर उलट्या अक्षरात म्हैस व्याल्याची बातमी सापडली. त्यांचा चेहरा काय वर्णावा! त्या दिवसापासून खडू बंद, पाटीवरची पेन्सिल सुरू.

खरी गंमत एसटीत व्हायची. पाटी पुसली जाऊ नये म्हणून मी ती मांडीवर उताणी धरून बसायची. म्हणजे अख्खी गाडी वाचणार. पुढच्या सीटवरची मावशी मान वळवून, उभे असलेले वाकून, कंडक्टर तिकीट फाडता फाडता. "मागं काय लिवलंय, मोठ्यानं वाचा की!" मग कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. एकदा तात्यांनी लिहिलं होतं, "आमच्या गाडीचा कंडक्टर सुट्टे देतो. असा माणूस जपून ठिवा." कंडक्टरनं त्या दिवशी दोन वेळा घंटी मारली आणि लाजून दारात जाऊन उभा राहिला.

तर तात्या पहिल्यांदा स्वतः बघायला आले तो दिवस सुरुवातीला सांगितला तोच. त्यांचं अक्षर पडद्यावर, काळ्या पाटीसकट. मी कौतुकानं म्हटलं, तात्या, आता हे अमेरिकेतसुद्धा दिसतंय. त्यांनी घड्याळ बघितलं. तीनला त्यांची परतीची गाडी होती. "मग आता पुसायला पायजे," म्हणाले आणि फडकं काढलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. हसणं आवरल्यावर मी त्यांना पुसायचं बटण दाखवलं. त्यांनी एका बोटानं, देवाला फूल वाहावं तसं, ते दाबलं. पाटी गेली. तात्यांनी समाधानानं मान हलवली.

आणि परवलीचा शब्द? तोही त्यांनी त्याच दिवशी बदलायला लावला. एकेक अक्षर शोधत त्यांनी तो स्वतः टाइप केला आणि मग माझ्या कानात सांगितला. कळपाच्या पुढं चालणाऱ्या त्यांच्या एका मेंढीचं नाव होतं ते. आजही सांगणार नाही.

मग रोजचा नेम झाला. दुपारी चढवायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुसायचं, लगेच नवं. खालच्या वहीत लोकांनी लिहिलेलं कागदावर उतरवून घ्यायचं आणि तेही पुसायचं. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. पण त्यामुळं झालं असं की दुसऱ्यांची पानं लोक एकदा बघून सोडून द्यायचे, आमचं रोज बघावं लागायचं. पहिली ओळ लिहिणारा मूळचा इंदापूरचा, कुठल्याशा बर्फाच्या गावात नोकरीला. टोळी यंदाही उतरल्याचं पाटीवर वाचून त्यानं लिहिलं, "तात्या, ओढ्याकडची टोळी उठली का?" मी ते डेअरीत वाचून दाखवलं. एवढ्या लांबचा माणूस आमच्या ओढ्याची चौकशी करतोय! तात्यांनी दुसऱ्या दिवशी पाटीवर उत्तर दिलं, "उठली. आता तुज्याकडचा बर्फ कवा उठतोय ते कळीव." मग दुबईतला एक ड्रायव्हर आला, नागपूरची एक नर्स आली, सोमेश्वरनगरकडच्या एक बाई आल्या, नवऱ्याच्या ऑफिसातून लिहायच्या. एकमेकांच्या ओळखीही झाल्या खालच्या वीतभर जागेत. संध्याकाळी मी एसटीतून उतरले की डेअरीपाशी घोळका ठरलेला. "आज खाली काय आलंय?" माझ्या पर्समध्ये जगाचं टपाल असायचं आणि मी ते मुद्दाम हळूहळू काढायची. काचेच्या फळ्याकडं माणसांची पाठ असायची. तात्या घोळक्यात मध्यभागी उभे राहून हसत असायचे आणि मला वाटायचं, आपण उडतोय.

त्या सुमाराला ज्याला त्याला पोर्टल काढायचं होतं. पुण्याच्या तसल्याच एका कंपनीचे टायवाले साहेब आमचं पान बघून क्लासात आले. तात्यांची पाटी आमच्या मोठ्या पोर्टलवर आणू, म्हणाले. नीट टाइप करू, शुद्ध करू, गावाकडचा कोपरा म्हणून पहिल्या पानावर टाकू. आणि तो कोपरा सांभाळायला पुण्यात मला नोकरी. फिरती खुर्ची, टेबलावर माझा स्वतःचा कॉम्प्युटर.

मला आनंदानं हुरळायला काय लागतंय? मी तिथल्या तिथं होय म्हणून टाकलं. तात्यांचंही. येताना एसटीत अर्ध्या गाडीला सांगितलं, घरी पोचेपर्यंत मनानं पुण्यात खोलीसुद्धा घेतली. तात्या ऐकून एवढंच म्हणाले, "येतो उद्या. बघू तरी."

दुसऱ्या दिवशी तात्या धुतलेली टोपी घालून आले. साहेबांनी त्यांना कागद दाखवले, रंगीत चित्रं दाखवली. तात्यांनी सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "खालची वीतभर जागा कुठाय?"

"ती काढलीय, आबा. कुणीही काहीही लिहितं हो. आमची माणसं आधी वाचतील, चांगलं ते घेतील."

"किल्ली कुणाकडं?"

साहेबांना कळलं नाही. मला कळलं. मी हळूच म्हटलं, "परवलीचा शब्द विचारतायत."

"तो आमच्याकडे. तुम्हाला काही ताप नको. आणि तुमचं एकही अक्षर कधी पुसलं जाणार नाही! कायमचं राहील."

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. "साहेब, तुमी भले मानूस. पर अशाच एका दाराला मी सोताच हात वर केला हुता. तवा कुलूप दिसलं न्हाय. आता दिसतंया." मग माझ्याकडं वळले. "तुला जायाचं तर खुशाल जा, बाय. तुज्या नोकरीला माझी आडकाठी न्हाय. पाटी तेवढी हितंच ऱ्हाऊ दे."

पाटीशिवाय साहेबांना मी कशाला हवी होते? ते चहा न घेताच गेले. सर माझ्याकडे बघेनात. येताना आम्ही दोघं एकाच सीटवर बसलो, आणि मी गावापर्यंत खिडकीकडंच तोंड करून होते. मी चिडले होते. भयंकर चिडले होते. म्हातारपणाचा हट्ट, अडाणीपणा, काय काय मनात आलं ते इथं लिहीत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं बरोबर आहे हे मला साहेबांच्या दुसऱ्या वाक्यालाच कळलं होतं, आणि तरी ती फिरती खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी तात्यांनी नेहमीसारखी पाटी माझ्या हातात दिली, पण आज लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून. मी त्यांच्याकडं न बघता घेतली आणि तशीच मांडीवर ठेवून गाडीत बसले. रोजचे प्रवासी काही सोडणार होते थोडेच? "आज झाकून का? उघडा की!" मावशींनी तर फडक्याला हातच घातला.

पाटी कोरी होती. वरपासून जवळजवळ खालपर्यंत कोरी करकरीत. फक्त तळाला, त्या वीतभर जागेत, तात्यांच्या अक्षरात बारीक लिहिलं होतं, "म्या हितं खाली हाय. वर तू लिव." आणि फडक्याच्या गाठीत पेन्सिल.

मला धडकीच भरली. इतके महिने मी दुसऱ्याची पाटी वाहत होते. कुत्रं पळवलं, अक्षरं नाचवली, पण स्वतःची अशी एक ओळ? वरही नाही आणि खालीही नाही. गाडीतले दहा-बारा जण मान वाकडी करून बघत होते. "लिवा की बाई," कंडक्टर म्हणाला, "म्या ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगतो." आणि खरंच, खड्डे चुकवत, गाडी हळू झाली.

मी लिहिलं: "तात्यांनी काल माझी पुण्याची नोकरी घालवली. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलणार नाही." मावशींनी मोठ्यानं वाचलं. गाडीत हशा पिकला. मग त्याखाली लिहिलं: "पण पाटी माझ्याकडे आहे." का कोण जाणे, यावर कुणी हसलं नाही. मला मोठमोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, इतकं हलकं वाटत होतं.

दुपारी ती पाटी चढवली. दुसऱ्या दिवशी खालच्या वहीत बर्फाच्या गावचा माणूस, दुबईचा ड्रायव्हर, नागपूरची नर्स, सगळे तात्यांच्या त्या ओळीखाली दाटीवाटीनं उभे होते. "बोला हो ताई त्यांच्याशी," असं सगळ्यांचं म्हणणं. दुपारी पान पुसलं. पण कालपासून क्लासातच ठेवलेली खरी पाटी माझ्यानं पुसवेना. तशीच घरी आणली.

तात्या डेअरीच्या पायरीवर बसले होते. "पुसलं का गं?"

माझे दोन दिवस अजून भरायचे होते, पण तोंडून निघून गेलं, "वरचं पुसते. खालचं तुमचं आहे. ते मी ठेवणार."

"शिळं ठिवायचं न्हाय," तात्या म्हणाले. त्यांनी खिशातलं फडकं काढलं, डेअरीच्या नळाखाली भिजवलं आणि सगळी पाटी पुसून काढली. वरचं माझं आणि खालचं त्यांचं. मग ती वाळवायला उन्हाकडं धरली आणि कोरी पाटी माझ्या हातात देऊन विचारलं, "उद्या काय लिवनार?"